सहा ग्लास आणि ताईचं नाक

पन्नाशीच्या वाढदिवसाला ऑफिसातल्या मंडळींनी हातात एक पाकीट ठेवलं. आत द्राक्षमळ्यातल्या खाजगी वाईन टेस्टिंगचं व्हाउचर, दोघांसाठी. त्यांच्या हिशोबाने मी आणि नवरा जाणार होतो. पण नेमका त्याच आठवड्यात नवऱ्याला ताप आला, व्हाउचरची मुदत संपत आली होती, आणि शेवटी माझ्याबरोबर आली ताई. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका, जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेली. म्हणाली, "मी नुसता वास घेईन. आणि येताना गाडी मी चालवेन, त्यात तुझाच फायदा आहे."

'खाजगी' या शब्दाचा मी फार चुकीचा अर्थ लावला होता. मला वाटलं, निवांत असेल, गर्दी नसेल, जरा लाड होतील. तसं ते होतंही, पण यापूर्वी एकदा मी वीस जणांच्या घोळक्यातून अशीच सहल केली होती आणि तेव्हा मागे उभं राहून माना डोलावण्यात दोन तास मजेत गेले होते. दोघीच असल्यावर मागे कुठे उभं राहणार? सांगणारी बाई दर पाच मिनिटांनी थांबते, तुमच्याकडे बघते आणि विचारते, "तुम्हाला काय वाटतं?"

आदल्या दिवशी फोनवर सूचना मिळाल्या होत्या: सेंट लावू नका, उपाशीपोटी येऊ नका, येण्याआधी कॉफी नको, बूट बंद असू द्या. बाकी सगळं पाळलं आणि निघताना सवयीने मनगटावर सेंटचा फवारा मारला. फाटकातून आत गेल्या गेल्या तिथल्या मुलीने हसून नमस्कार केला आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने मला नळाकडे नेलं. तिथे बिनवासाचा साबण ठेवलेला होता, म्हणजे मी काही पहिली नव्हते. ताई शेजारी उभी राहून, वर्गातल्या पोराने वही विसरल्यावर बघायची तशी, माझ्याकडे बघत होती.

ती मुलगी तिशीची असेल. ती नुसती गाइड नव्हती, वाईन करणाऱ्या चमूतच होती. बोटांची टोकं जांभळी पडलेली. मी नेलपॉलिश समजले. नंतर कळलं की तोडणीच्या दिवसांत रोज सकाळी ती मळ्यातून मण्यांचे नमुने आणून हाताने चिरडते, तो रंग आठवडेच्या आठवडे जात नाही. खाजगी सहल ठरवणार असाल तर हे एक आधी विचाराच: बरोबर कोण असणार, पाठ केलेलं म्हणून दाखवणारं की हात जांभळे झालेलं?

मळ्यात आम्ही तासभर होतो, घोळक्याबरोबर दहा मिनिटं होते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला गुलाबाचं झाड. मला ती सजावट वाटली. तर म्हणे जुन्या काळी ही पहारेकऱ्यासारखी लावत, कारण भुरी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग गुलाबावरही पडतो. तिथे पांढरी भुकटी दिसली की वेलींकडे धावायचं. गुलाबाची भुरी आणि द्राक्षाची भुरी या वेगळ्या बुरश्या, पण दोघींना एकाच तऱ्हेची हवा मानवते. "आता आम्ही हवामानाची नोंद बघून फवारणी ठरवतो," ती म्हणाली, "गुलाब फोटोसाठी आहेत." हा प्रामाणिकपणा मला आवडला.

पांढऱ्या वाणांची तोडणी होऊन गेली होती, लाल अजून वेलीवर होते. खोडाच्या वर दोन्ही बाजूंना तारेवर आडवे पसरलेले ओलांडे, त्यावर उभ्या काड्या, आणि कंबरेच्या उंचीला घड. घड पाहून मी हिरमुसले. एवढेसे मणी, वाटाण्याएवढे, काळेनिळे, वर पांढुरका थर. खायच्या द्राक्षाची शान नाही. तिने एकेक मणी तोडून हातावर ठेवला. "आधी गर, मग साल चावा, मग बी."

गर इतका गोड की दचकायला झालं. वाईनचं द्राक्ष आंबट असणार अशी माझी पक्की समजूत होती. साल मात्र जाड, चावल्यावर जिभेवर खरखर उठली. आणि बी कडू. तिने स्वतः एक बी दाताने फोडून दाखवली, आतून तपकिरी. बी हिरवी असेल तर साखर कितीही भरलेली असो, थांबायचं. तिने शेवटाच्या ओळीत राहून गेलेला एक कच्चा मणी दाबून दाखवला, हिरवा, गोटीसारखा टणक. द्राक्षवाले म्हणतात 'पाणी उतरलं', ते या दोन मण्यांमधलं अंतर: टणक हिरवा मणी मऊ होतो, रंग धरतो, आंबटपणा उतरतो, साखर चढते.

मग खिशातून दुर्बिणीच्या पिल्लासारखी नळी निघाली. रिफ्रॅक्टोमीटर. ताईचे डोळे चमकले. दोन थेंब रस काचेवर, वरून झाकण, आणि उजेडाकडे धरून बघायचं. आत निळ्या आणि पांढऱ्याच्या मधली रेघ 22 वर होती, म्हणजे 22 ब्रिक्स, शंभर ग्रॅम रसात साधारण बावीस ग्रॅम साखर. त्यांना 24 हवे होते. लिटरमागे सतरा ग्रॅम साखर आंबली की साधारण एक टक्का अल्कोहोल तयार होतं. "म्हणजे चोवीसला साडेतेराच्या पुढेमागे," ताई तिथल्या तिथे तोंडी म्हणाली. ती मुलगी क्षणभर गप्प झाली आणि त्यानंतर ती दिवसभर माझ्यापेक्षा ताईशीच जास्त बोलली.

एका वेलीच्या बुंध्याशी तिने आम्हाला वाकायला लावलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला गाठ होती, मोडलेलं हाड जुळावं तशी. कलमाची जागा. वर जगभर वाईनला चालतो तो युरोपी वेल, खाली अमेरिकी जातीचा खुंट. 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं शोषणारी बारीक कीड उत्तर अमेरिकेतून फ्रान्सला पोहोचली आणि तिथले मळेच्या मळे वाळून गेले. औषधं झाली, शेतं पाण्याखाली बुडवून झाली. शेवटी उपाय सापडला तो कीड जिथून आली तिथलाच: अमेरिकी वेलींच्या मुळांना या किडीची सवय होती, मग युरोपी काडी त्यांच्यावर बांधायची. दीडशे वर्षं होऊन गेली, किडीवर रामबाण औषध अजून नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी अजून ही गाठ आहे. मी त्या गाठीवरून अंगठा फिरवला. खरखरीत होती, आणि उन्हाने गरम.

टाक्यांच्या खोलीत जाण्याआधी तिने दारातल्या मीटरकडे बघितलं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, तेवढ्याच जोमाने कार्बन डायऑक्साइडही सोडतं. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि बंद तळघरात माणूस त्यात न कळत कोसळू शकतो. आत पांढऱ्या रसाची टाकी आंबत होती. स्टीलच्या अंगाला गार पाण्याचा कोट, काटा 15 अंशांवर. वरच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं आणि त्यातून एकसारखे बुडबुडे. कान लावला तर आतून तव्यावर पाण्याचे थेंब तडतडावेत तसा बारीक आवाज.

लाल वाईनचं तंत्र इथे नीट डोक्यात शिरलं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गरही पांढराच असतो, रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाईन सालींसकट आंबवायची. साली वायूबरोबर वर येऊन जाड थर होतो, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा किंवा खालचा रस पंपाने वर ओतायचा, नाहीतर थर वाळतो, बिघडतो आणि रंगही उतरत नाही. दाबायचा दांडा मी हातात घेऊन रिकाम्या टाकीत चालवून पाहिला. रिकाम्यातच खांदे भरून आले.

पिंपांच्या तळघराबद्दल फार लिहीत नाही, सगळे फोटो तिथलेच काढतात. अंधार, गारवा, ओकच्या लाकडाचा वास. एका पिंपात 225 लिटर, म्हणजे बरोबर तीनशे बाटल्या. लाकडातून थोडी थोडी वाईन उडून जाते, तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, आणि तेवढी दर काही दिवसांनी वरून भरावी लागते, नाहीतर रिकाम्या जागेतल्या हवेने ती आंबून जाते. ताईने विचारलं, "देवदूतांना किती टक्के?" मुलगी म्हणाली, "तळघर किती कोरडं आणि किती गरम, त्यावर." तिने काचेच्या लांब नळीने गेल्या वर्षीच्या वाईनचा घोट दोन पिंपांतून काढून दिला. वाईन तीच, एक पिंप फ्रेंच ओकचं आणि दुसरं अमेरिकी. दुसऱ्यातून चक्क नारळ आणि व्हॅनिला. हे मला माझं मला ओळखता आलं आणि मी उगाच फुशारले. पुढे जे व्हायचं होतं त्याची कल्पना नव्हती.

टेस्टिंगच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला होता, रंग नीट दिसावा म्हणून. सहा बाटल्या, प्रत्येकीतून चाळीसेक मिलिलिटर. मनात बेरीज केली, सगळं प्यायलं तर एक तृतीयांश बाटली. सकाळचे साडेअकरा. मधोमध एक उंच काळं भांडं. "थुंकायला," ती म्हणाली. "म्हणजे पिकदाणी," ताई पुटपुटली.

आधी पाण्यावर सराव. ओठ आवळायचे, पुढे वाकायचं आणि जोराने सोडायचं. माझा पहिला प्रयत्न हनुवटीवरून ओघळून गळ्यात गेला. तिसऱ्यांदा जमलं. चारचौघांत थुंकण्याची लाज मोडायला वेळ लागतो, पण तिथे काम करणारे सगळेच दिवसभर थुंकतात, ते न थुंकते तर दुपारपर्यंत उभे राहू शकले नसते. माझं ऐका, घरी न्हाणीघरात पाण्यावर शिकून जा.

पहिली सोव्हिन्यों ब्लाँ. ग्लास फिरवायचा म्हणून मी हवेत फिरवला आणि अर्धी वाईन टेबलावर. ग्लासचा तळ टेबलावरच ठेवून फिरवायचा असतो. ताईने ग्लास नाकाखाली घेतलाच नाही. तो दूर धरून तळहाताने वास स्वतःकडे ओढला, प्रयोगशाळेत परीक्षानळीचा घेतात तसा. मुलीने तिला हसत थांबवलं, "इथे चालतं, नाक आत घाला." ताईने घातलं, डोळे मिटले, म्हणाली, "ढोबळी मिरची. कापलेली." मुलीने टाळीच वाजवली. ढोबळी मिरचीला जो वास असतो तो देणारं पायराझिन वर्गातलं रसायन या द्राक्षातही असतं, आणि घडांवर ऊन जास्त पडलं की कमी होतं. एकदा सांगितल्यावर मलाही ती मिरची आली. सांगण्याआधी मला नुसता 'पांढऱ्या वाईनचा वास' येत होता.

माझी खरी अडचण इथे होती. चवींची जी यादी छापून ठेवली होती तिच्यात गूजबेरी होती, ब्लॅककरंट होता. जे फळ आयुष्यात हातात घेतलं नाही त्याचा वास मी कसा ओळखणार? मी हे धीर करून बोलले. ती म्हणाली, यादी बाजूला ठेवा, तुमचं काय आठवतं ते सांगा. कॅलिफोर्नियात ॲन नोबल नावाच्या प्राध्यापिकेने 1980 च्या दशकात वासांचं एक चक्र आखलं ते याच भानगडीतून सुटायला: 'भारदस्त', 'डौलदार' असले शब्द काढून टाकायचे, कारण दोन माणसांचा डौल सारखा नसतो, आणि दाखवता येतील अशाच वस्तूंची नावं घ्यायची. मी पुन्हा नाक घातलं. मिरचीच्या मागे काहीतरी गार, राखाडी होतं. खूप वेळाने सापडलं. पाटी! ओल्या फडक्याने पुसलेली दगडी पाटी, वाळायच्या आत. मी म्हटलं तर ताई पटकन म्हणाली, "हो, पेन्सिलीच्या भुकटीसकट." त्या यादीत पाटी नव्हती. मुलीने खिशातली वही काढून लिहून घेतली.

दुसरी शार्डने, लोण्याच्या वासाची. सफरचंदात असतं ते मॅलिक ॲसिड जिवाणू दुधातल्या लॅक्टिकमध्ये बदलतात, आंबटपणाची धार बोथट होते, आणि जाता जाता लोण्याचा वास देणारं डायसेटिल मागे राहतं. तिसरी रोझे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. गुलाबी होती.

मध्ये मी शहाणपणा करून जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट वगैरे बोलायला लागले. ताईने तिथेच कान पकडला. तो नकाशा 1901 सालच्या एका जर्मन प्रयोगाच्या आलेखाचा पुढे लोकांनी लावलेला चुकीचा अर्थ आहे, चवी जिभेवर सगळीकडे कळतात. "मी स्वतः कितीतरी वर्षं तो फळ्यावर काढला," ती म्हणाली, "आणि खूप उशिरा कळलं." मग मुलीने मला नाक चिमटीत धरून एक घोट घ्यायला लावला. आंबट, जराशी तुरट, बस्स. चिमटी सोडली आणि घशाच्या मागून सगळी वाईन एकदम नाकात चढली.

चौथी कॅबर्ने सोव्हिन्यों. तिने बूच काढलं, थोडी ओतून हुंगली आणि कपाळाला आठी पडली. "थांबा. ही खराब आहे. पण वास घेऊन बघाच, असा योग रोज येत नाही." मला वाईन जराशी मुकी वाटली, एवढंच. ताई म्हणाली, "पावसाळ्यात ओल आलेल्या कपाटातला पुठ्ठा." अगदी तेच. बुचात कधीकधी बुरशीमुळे ट्रायक्लोरोॲनिसोल, टीसीए, नावाचं रसायन तयार होतं, आणि लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी वाईनची फळं मारून टाकतं. बूच म्हणजे बुचाच्या ओकची साल, दर नऊ वर्षांनी एकदा सोलतात, सर्वांत जास्त पोर्तुगालमध्ये. इतकं सांभाळून केलेल्या गोष्टीत एवढ्याशा बुरशीने घात करावा! दुसरी बाटली उघडली, शेजारी ठेवली, आणि मग दोन्हींतला फरक मलाही कळला. हॉटेलात वाईनचा पहिला घोट ओतून वेटर का थांबतो, याचं उत्तर मला पन्नासाव्या वर्षी मिळालं. आवडली का हे तो विचारत नसतो.

याच कॅबर्नेने तोंड असं कोरडं केलं की जीभ टाळ्याला चिकटली. साली-बियांतलं तुरट द्रव्य, टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा गुळगुळीतपणाच जातो. सकाळी चावलेली साल आणि बी आठवली. तीच खरखर, दोन वर्षांनी मोठी झालेली.

पाचवी शिराझ. ताईने नाक घातलं आणि मागे घेतलं. "मिरी. काळी मिरी, आत्ता कुटलेली. ठसका लागेल इतकी." मी नाक घातलं. जांभळी फळं, धूर, थोडं चामडं. मिरी नाही. पुन्हा घातलं. ग्लास बदलला, ताईचा घेतला. नाही. मुलीने तळवा झाकण ठेवून ग्लास हलवून दिला. नाहीच. मला वाटलं आता हिने निदान 'हळूहळू येईल' असं तरी म्हणावं. ती म्हणाली, "तुम्हाला बहुतेक कधीच येणार नाही." शिराझमधली मिरी रोटंडोन नावाच्या रेणूची, काळ्या मिरीतही तोच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये तो उजेडात आणला, आणि तेव्हाच दिसलं की तपासलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला तो कितीही दिला तरी जाणवत नाही. नाकाचा दोष नाही, सराव करूनही भागत नाही. एकाच टेबलावर दोघीजणी एकच वाईन घेऊन बसलेल्या असतात आणि ग्लासात वाईन मात्र वेगवेगळी असते.

सहावा ग्लास काळा होता. काचच काळी, आतलं काही दिसत नाही. "लाल की पांढरी?" ती म्हणाली. गार होती. मी घोट घेतला, तोंडात घोळवली, थुंकली (एव्हाना झकास) आणि ठामपणे सांगितलं, पांढरी. ताईने वास घेतला, बराच वेळ घेतला. "पुरावा अपुरा आहे," म्हणाली. लाल होती, मुद्दाम गार केलेली, कमी टॅनिनची. मी ओशाळले तर मुलीने बोर्दोतला एक प्रयोग सांगितला, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला. वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. "ते तरी शिकत होते," ती म्हणाली. मला म्हणजे कशाचाच आधार नव्हता, हे तिने सभ्यपणे बोलायचं टाळलं.

परत येताना गाडी ताईने चालवली. दोन बाटल्या घेतल्या होत्या, एक पाटीवाली आणि एक मिरीवाली. मिरीवाली तिने घ्यायला लावली. पिणार नाही, अधूनमधून उघडून वास घेईन म्हणाली. उघडलेली बाटली चार दिवसांत बिघडते हे मी तिला सांगितलं, तेव्हा "मग चार दिवस घेईन," एवढंच बोलली.

घरी आल्यावर राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन मिऱ्यांची डबी उघडली, चार दाणे खलात कुटले, नाक जवळ नेलं. वास आला. खणखणीत, मिरीचा, लहानपणापासून येतो तोच. म्हणजे मिरीतल्या दुसऱ्या कशाचा तरी असणार. ताईला फोन लावला.

"तुला मिरीचा जो वास येतो, तोच मला येत असेल का गं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तिच्याकडच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"पन्नास वर्षं एका स्वयंपाकघरात जेवलो," ती म्हणाली, "आणि आज विचारतेस? थांब, हुंगून सांगते."